बोटं नीट दिसायला हवीत

प्रिय ठमे,

छापखान्यातून आत्ताच आली असशील तर आधी हातपाय धू, चहा घे आणि मग निवांत वाच. मेसेजवर आपण दोघं चार शब्दांत भागवतो, पण ही गोष्ट काही चार शब्दांत बसेना.

आई गेल्यावर तिच्या कपाटात सापडलेल्या त्या अकरा व्हिडिओ कॅसेटी मी कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. फाइली एवढ्या अवाढव्य, की तुला पाठवायच्या तर आधी लहान करायला हव्यात. त्यासाठी फुकटचं एक सॉफ्टवेअर घेतलं, पहिली फाइल त्यात घातली आणि बघतो तर काय, भिंत स्वच्छ, पडद्यावरची फुलं मोजून घ्यावीत, आईचा चेहरा तर कालचा वाटावा असा. मनगटापुढे मात्र नुसता धूर. ओट्याला टेकून ती तुझ्याशी हातांनी भराभर काहीतरी बोलतेय, तू पोट धरून हसतेयस, आणि बोटांचा पत्ता नाही.

माझ्या डोक्यात एकदा किडा शिरला की काय होतं ते तुला ठाऊक आहे. दोन रविवार मी सगळ्या फाइली पालथ्या घातल्या. पंखा ठीक दिसत होता, नळाचं पाणी ठीक, दोरीवर फडफडणारे कपडेही ठीक. मग हातांनीच काय घोडं मारलं होतं? शेवटी काकांकडेच गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि समजावलं, की ही सॉफ्टवेअरं कंजूष असतात. जे हलत नाही ते एकदाच लक्षात ठेवतात आणि जे झरझर हलतं त्याचा अंदाज बांधतात. पाण्याचा अंदाज चुकला तर कोणाला कळतंय? बोटांचा चुकला की शब्दच जातो. त्यांच्या मते विकतचं एक सॉफ्टवेअर हे काम जास्त निगुतीनं करतं. ते आधी वापरून बघता येतं, पण एकच मिनिट, आणि वर कंपनीचा भलामोठा शिक्का. तो शिक्का नेमका आईच्या हातांवर! तरी त्याच्या कडेनं डोकावणारी बोटं सुटी सुटी दिसत होती. निदान मला तसं वाटलं.

मी दोन्ही फाइली शेजारी शेजारी लावून तुझ्या वहिनीला बोलावलं. एकदाच वापरायचं, त्यासाठी विकत कशाला, असंच ती म्हणणार हे मी धरून चाललो होतो. तिने दोन्ही शांतपणे पाहिल्या आणि विचारलं, "पण यातलं कुठलं बरोबर आहे हे तुला कसं कळणार? तुला ते वाचता येतं का?"

ठमे, कुठे येतं मला! एका घरात वाढलो आपण, आणि मला येतात त्या खुणा मोजून तीन: जेवायला चल, दार लाव, नको. तुम्हा दोघींचं बोलणं मला कायम आतून कडी लावलेल्या खोलीसारखं वाटायचं. कधी दार वाजवलं नाही. तुझं म्हणणं आई मला तोंडाने सांगतेच आहे, मग कशाला शिकायचं, असं म्हणत राहिलो. खरं सांगायचं तर मला तुमचा हेवा वाटायचा.

त्याच संध्याकाळी पैसे भरून टाकले. शिक्का गेला. अकराही फाइली नव्याने करायला चार दिवस लागले आणि मी एकेक पाहत बसलो, परक्या देशातला सिनेमा बघावा तसा.

पत्र लिहायला बसलो ते चौथ्या कॅसेटमुळे. त्या दिवशी कॅमेरा माझ्या हातात होता, मी चौदा वर्षांचा. तुझ्याशी बोलता बोलता आई अचानक माझ्याकडे वळते आणि मला काहीतरी सांगते. हातांनी. ओठ मिटलेले. माझ्याशी ती असं कधीच बोलायची नाही, म्हणून मला वाटलं, बंद कर म्हणतेय, आणि मी केला बंद. आता बोटन् बोट दिसतंय. सात-आठ सेकंदांचं बोलणं आहे ते. ते संपल्यावर ती थांबते, तूही माझ्याकडे बघतेयस, दोघीही उत्तराची वाट बघताय, आणि तिथेच चित्र तुटतं. तेवढा तुकडा सोबत जोडलाय. ती काय म्हणाली ते मला हवंय, पण लिहून पाठवू नकोस. रविवारी व्हिडिओ कॉल लाव आणि हातांनीच सांग, एकेक खूण सावकाश. मी तुझ्यामागून करत जाईन. चुकलो की हस, पण मला जमेपर्यंत फोन ठेवू नकोस.

तुझाच,
दादा