मान वळवायची नाही

शनिवार, १२ ऑक्टोबर
जेवणाची सुट्टी

प्रिय ताई,

सप्रेम सलाम. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा तसाच, कॉलेज सोडल्यापासूनचा बाबांचा माझ्याशी अबोलाही तसाच. भाऊजींना सलाम, पिल्लाला पापा.

प्रार्थना करतोस का, असं विचारलंस. करतो की! देवाला वार सांगितलाय, जागा सांगितलीय, काय घडायला हवं तेही सांगितलंय. त्याने फक्त मान डोलवायची बाकी आहे. 'सगळं त्याच्या हाती सोपव' म्हणतेस. तुला सोपं आहे, तुझं लग्न झालंय.

उद्या उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब, कॉलेजात माझ्या वर्गात होती ना, तिचं लग्न तिसऱ्यांदा, शेवटचं जाहीर करणार. त्या चष्म्याच्या दुकानातल्या गुळगुळीत भांगवाल्याशी. मग नेहमीचा प्रश्न: 'कोणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा.' आधीचे दोन रविवार मी दात आवळून बसलो. उद्या उभा राहणार. वाक्य तयार आहे. कोणतं, ते विचारू नकोस.

मालक हाका मारतायत. एका घरातलं कपाट उतरवायचंय. उरलेलं नंतर.

रविवार, दुपार

ताई, काल पत्र टाकलं नाही ते बरं झालं.

जड कपाट जिन्यावरून उतरवताना खालचा माणूस उलटा चालतो. त्याला पायऱ्या दिसत नाहीत. दुसरा सांगेल तसा पाय टाकायचा, पण मान वळवायची नाही. मान वळली की खांदा वळतो आणि खांद्याबरोबर कपाट. म्हणून मी नेहमी वरची बाजू पकडतो. काल कामावरचा माझा जोडीदार, ज्याला सगळे बोका म्हणतात, हटून बसला. "ए कॉलेज, आज तू खाली. अर्धवट सोडून आलेल्याला उलटं चालायची सवय असते."

दार उघडलं तर समोर चष्मेवाला! मालक आपल्याच चर्चच्या मंडळीतले, म्हणून काम आमच्याकडे आलेलं. मला पाहून तो क्षणभर थबकला, मग म्हणाला, "या."

कपाट एवढं उंच की बोक्याला माझे पाय दिसेनात. तो वरून ओरडला, "दादा, तुम्ही मागे राहून सांगा हो याला!"

आणि तो सांगू लागला. "पायरी. पायरी. आता वळण, डावा पाय आधी." माझ्या डोक्यात एकच: हा मुद्दाम चुकीचं सांगणार. मी मान वळवली.

कपाट कलंडलं. बोक्याने शिवी हासडली, माझा पाय हवेत गेला, आणि पाठीवर एक तळहात घट्ट टेकला. "मी आहे मागे," तो म्हणाला. "तू कोण, मला माहीत आहे. ते राहू दे. इथली पायरी फुटलीय, ही सोडून पुढची." कपाट आलं असतं तर आधी मी, मग तो. तरी बाजूला झाला नाही.

उरलेला जिना मी मान ताठ ठेवून उतरलो. ज्याला दुसऱ्या दिवशी चारचौघांत तोंडघशी पाडायचं होतं, त्याच्याच शब्दावर पाय टाकत.

आता ते वाक्य. 'तिने मला वचन दिलंय.' हेच म्हणणार होतो. ताई, तिने कधीच काही दिलं नाही. कॉलेजच्या फाटकापाशी तिने मला स्वच्छ नाही म्हटलं. रोज तिच्या मागच्या बाकावर बसणं मला जमेना. सरांशी भांडण झालं म्हणून कॉलेज सोडलं, ही तुम्हा सगळ्यांना मारलेली थाप.

आज सकाळी पाळकसाहेबांनी प्रश्न विचारला. तिने मागे वळून पाहिलं. चेहरा पांढराफटक. मी काय करणार, ते तिला कळलं होतं. मी आपोआप उठून उभा राहिलो. बाक करकरला, सगळ्या माना माझ्याकडे. आईने माझा शर्ट मुठीत धरला.

"बोल, बाळा. हरकत आहे?"

वाक्य जिभेवर होतं. त्याच क्षणी पाठीवर ती कालची जागा गरम झाली. तिथे कोणाचा हात नव्हता, मागे नुसती भिंत. देवाला मी मनात पहिल्यांदाच काही न सांगता म्हटलं, तूच सांग, मी वळून बघत नाही.

"हरकत नाही," मी म्हणालो.

कोणीतरी फिसकन हसलं. पाळकसाहेब म्हणाले, "अरे, तेवढं सांगायला उभं राहावं लागत नाही. बस." मग सगळेच हसले. तीसुद्धा, रडत. आईने मूठ सोडली नाही.

ते शब्द त्यांना ऐकू आले, पण मी ते देवाला म्हटले होते.

हलकं वगैरे काही वाटत नाही. पुढे काय करायचं तेही त्याने सांगितलेलं नाही. एवढंच सुचवलं की ताईला खरं लिही. ती पायरी उतरलो. बाबांशी बोलायची पायरी जवळ आलीय असं वाटतं. ते शेजारच्या खोलीत खोकतायत.

पत्र मिटतो आणि तिकडे जातो.

तुझा,
आज उलटा चालणारा,
धाकटा