छत्रीची तक्रार

कील, १४ मार्च १९१५

चि. हेनिंग यास अनेक आशीर्वाद.

आम्ही खुशाल आहोत, युद्धामुळे पाव बटाट्याचा आहे, आणि तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे. जानेवारीत रजा संपवून जाताना तू माझी शिंगाच्या मुठीची काळी छत्री नेलीस. ज्याची नोकरीच पाणबुडीवर, पाण्याखाली, त्याने छत्री न्यावी, याला कोणत्या शास्त्रात आधार आहे? मत्स्यावताराची कथा मी पंचवीस वर्षं शिकवतो आहे. तीत छत्रीचा उल्लेख नाही.

तू दारात म्हणाला होतास, "दादा, आमचा पाऊस आतच पडतो. बोटीने बुडी मारली की आमच्याच श्वासांची वाफ लोखंडाला धरते आणि झोपलेल्याच्या नाकावर टपटपते. छत्री उशाशी बांधीन."

"आणि धुराला कुठली छत्री बांधशील?" विबकेने विचारलं. नवऱ्याला ती असा सोडते थोडाच!

"त्याला इलाज नाही गं. जुनी इंजिनं, रॉकेलवरची. वर आलो की भर समुद्रात कुणाचं स्वयंपाकघर पेटलंय असं वाटतं. चार कोसांवरून दिसतो."

आपण तिघेही हसलो. मी जरा जास्तच.

काल दुपारी संस्कृतच्या वर्गात चार मुलं होती. बाकीची सैन्यात गेली. त्यांना धातुरूपं लिहायला देऊन खिडकीशी बसलो. खाडीवर असं धुकं उतरलं होतं की जहाजं पाण्यात आहेत की आभाळात, ते कळेना. डोळा लागला असावा. पाहतो तो, तू समुद्राच्या तळाशी उताणा निजला आहेस, उशाशी माझी छत्री उघडलेली, आणि तिच्यावर बारीक चंदेरी मासे पावसासारखे अलगद पडताहेत. कुठे आवाज नाही. रॉकेलचा वाससुद्धा नाही. मी म्हटलं, "मूठ सांभाळ रे." तू नुसती कूस बदललीस. मग कुणाचीतरी दौत सांडली.

विबके बरी आहे. पूर्वी तू आलास की तुला मागच्या जिन्यात उभं करून रॉकेलच्या वासाचे कपडे बदलायला लावायची. आता दिव्यात रॉकेल भरायला बसली की लवकर उठत नाही.

"भावोजी, माझ्या चिठ्ठ्या तुमच्या पाकिटात घालता ना नक्की?" परवा तिने विचारलं.

"घालतो की."

"आणि परत एकही पाकीट आलं नाही ना? मग झालं. शेजारच्या ट्रीनाचं, नवऱ्याला लिहिलेलं, आठवड्यात परत आलं होतं, तेव्हाच ती समजली. आपलं आलं नाही म्हणजे पोचतंय."

मी पाव चावत होतो. बटाट्याच्या पावाचा हा एक गुण, चावायला वेळ लागतो.

आली आहेत, हेनिंग. तिन्ही पाकिटं आली. पाकिटामागे मी शाळेचा पत्ता घालतो, म्हणून शाळेत येतात. वर जांभळा शिक्का, 'परत'. तिच्या चिठ्ठ्यांसकट ती संस्कृत कोशामागे ठेवली आहेत.

आणि तो अर्ज. किनाऱ्यावरच्या प्रशिक्षण शाळेत इंजिनाचे मिस्त्री हवेत, तुझी बदली होईल, म्हणून तू कोऱ्या कागदाखाली सही करून गेलास. "वर काय लिहायचं ते तू लिही, दादा. तुझी भाषा चांगली." चांगल्या भाषेला वेळ लागतो. पहिला मसुदा मला रुक्ष वाटला, दुसऱ्यात विनय जास्त झाला. सातवा खरोखर सुरेख उतरला. तो मी सोळा फेब्रुवारीला दिला. तीन दिवसांत उत्तर आलं: मंजूर, बोट परतताच रुजू व्हावे. बोट नऊ फेब्रुवारीलाच निघाली होती.

पहिल्या मसुद्यातही सगळं होतं. नाव, हुद्दा, विनंती.

आत्ता विबके हाक मारते आहे: "भावोजी, पाकीट चिकटवू नका, माझी चिठ्ठी राहिलीय!" आज तिची चिठ्ठी घेणार नाही. आधी तिला शाळेत नेऊन कोशामागचं दाखवणार आहे, आणि अर्जाचंही सांगणार आहे. हे पत्र टपालात पडणार नाही.

छत्रीचं काही नाही रे. तू बुडालास असं मला वाटतं, आणि माझ्यामुळे बुडालास अशी भीती वाटते.

तुझा दादा,
आस्मुस