घंटा कुणाची वाजली

प्रिय विसराळूबाई,

तुला एक आजी आहे, आठवतं का? उंचीनं बेताची, जिभेनं लांब. गेल्या रविवारी तुझा फोन यायचा होता, त्याआधीच्या रविवारीही. मला अक्षर येत नाही, पण रविवार ओळखता येतो. म्हणून हे पत्र सांगतेय, दुसरं माणूस लिहून घेतंय.

या म्हाताऱ्यांच्या वसतिगृहात माझं बरं चाललंय. गुडघे बोलतात, कान ऐकत नाहीत. शेजारच्या खोलीतल्या शिंपीणबाई पंधरा दिवसांपूर्वी दुपारी न्हाणीघरात पडल्या, ते तुला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन परत आल्यात, पण पलंगावरच. आणि आमची खारूताई, सदा पळत असणारी ती सिस्टर, तिला घरी बसवलंय. व्यवस्थापक म्हणतात, घंटा वाजवूनही ही वेळेत आली नाही. ठेवायची की काढायची, ते शनिवारी ठरणार.

पोरी, घंटा मीच वाजवली होती. व्हरांड्यातल्या भिंतीवर तू बनवलेली ती स्क्रीन. प्रत्येक खोलीचा एक चौकोन, चौकोनात माणसाचा फोटो, फोटोखाली घंटा. आजीला वाचता येत नाही म्हणून तू फोटो घातलेस, ते मी किती मिरवलं! मी शिंपीणबाईंच्या फोटोखालीच बोट ठेवलं. खारूताईच्या फोनवर मात्र वरच्या मजल्यावरची, अगदी शेवटची खोली आली. ती तिकडे धावली. तिथले मास्तर घोरत होते. झोपमोड केली म्हणून त्यांनी तिलाच झापलं. तोवर शिंपीणबाई ओल्या फरशीवर आणि मी त्यांचा हात धरून बसलेली. ओरडून माझा घसा बसला, पण मला एकटीला त्यांना काही उचलता येईना. नंतर खारूताईनं आणि मी माझ्याच फोटोखालची घंटा दाबून पाहिली. तरी मास्तरांचीच खोली.

वरचा मजला नवा झाला तेव्हा तूच मला समजावलं होतंस. चौकोन एकच बनवायचा, मग पाहिजे तेवढे तसेच काढायचे. आधी दर घंटेला वेगळा कान होता, ती वाजली की सिस्टरच्या फोनला खोली कळवणारा; खोल्या वाढल्यावर तू सगळ्यांना मिळून बाहेर एकच कान ठेवलास. मी विचारलं होतं, अगं, मग त्या कानाला कळणार कसं, कुठल्या चौकोनातली वाजली? तू हसलीस आणि म्हणालीस, आजी, तेवढं मला येतं गं.

त्या संध्याकाळी फोनवर तू मला दोनदा विचारलंस, बोट नक्की कुठल्या फोटोखाली ठेवलंस? मग घाईघाईनं फोन ठेवलास. सकाळी व्यवस्थापकांनी घंटा तपासल्या, तर सगळ्या शहाण्यासारख्या आपापल्या खोलीचं नाव सांगत होत्या. खारूताई खोटारडी ठरली. मी बोलले, तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आजी, तुम्ही आराम करा.

तू विसराळू नाहीस, हे मला ठाऊक आहे. तिथे बसूनच रातोरात घंटा दुरुस्त केलीस, बरं केलंस. सांगितलं मात्र कुणालाच नाहीस. नोकरी नवी, साहेब कडक, भीती वाटली असेल. तुझं नाव घ्यावं तर तू माझी, न घ्यावं तर त्या पोरीच्या बाजूनं आहे कोण?

हे पत्र एवढ्यासाठीच. शनिवारच्या आत व्यवस्थापकांना फोन कर. घंटा चुकत होती, चूक माझी होती, एवढं म्हण. नाही केलास तर मी तुझं नाव सांगेन, आणि ते मला फार जड जाईल. आता हे लिहून कोण घेतंय, तेही सांगते. शिंपीणबाई. खुबा मोडलाय, हात शाबूत आहे. मी सांगत गेले तसं त्यांना कळत गेलं. मघाशी पेन बराच वेळ थांबलं होतं. मला वाटलं, आता कागद फाडतात. मग म्हणाल्या, हं, पुढे सांगा. तेव्हा खाऊ पाठवशील तो त्यांना पाठव, मला नको. औषधांनी तोंड आलंय त्यांना, म्हणून मऊ केक पाठव, आत काही कडक नको. आणि पाठवणारीच्या जागी माझं नाव घालू नकोस, तुझंच घाल.

तुझीच, तरीही तुझीच,
आजी