नेलची कॅसेट आणि हातमोजेवाला

ह्यूस्टन, मंगळवार

धाकट्या व्हर्लीनला थोरल्या ओडेसाचा आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे ते कळव. माझे दोन्ही गेलेत, पण मी त्याचं कौतुक करून घेत नाही. तुझ्या नवऱ्याला माझी आठवण सांग (ऐकू आलं तर).

पत्रास कारण, महिनाभर मला लुबाडणं चाललंय. माझ्या नेलने त्र्याण्णव साली याच स्वयंपाकघरात बसून रॅपची कॅसेट केली होती ना? पन्नास प्रती काढल्या, गाडीच्या डिकीतून विकल्या, आणि पुढच्या वर्षी पोरगा गेला. एकच प्रत उरली, ती माझ्या पिठाच्या डब्यात असते. आता विद्यापीठातून आखटरबर्ग नावाचा एक गृहस्थ उगवलाय. वय पन्नास, मागे पांढरी शेंडी, हातात पांढरे मोजे. म्हणे, आपल्या दक्षिणेकडची जुनी रॅप नाहीशी होत चाललीय, आम्ही ती कॉम्प्युटरात जपतो. (याच गाण्यांपायी शेजारी पोलीस बोलवायचे, तेव्हा हा कुठे होता कोण जाणे.) मी विचारलं, "मोजे कशाला? ठसे उमटू नयेत म्हणून?" तो हसला. उत्तर द्यायच्या आधीच हसणारा माणूस मला चालत नाही.

तीन दिवसांसाठी कॅसेट नेली. मी त्याचं गाडीचं लायसन्स ओलीस ठेवून घेतलं, तर परत येताना बसने आला. म्हणजे निदान कायदा पाळणारा चोर. कॉम्प्युटर उघडून त्याने गाणं लावलं, आणि आतून कुणी भलताच बोलायला लागला. बारीक आवाज, बोलण्यात घाई, मागे कुत्रं लागल्यासारखी. माझ्या नेलचा आवाज जड, थंडीतली काकवी ओतावी तसा. "हा माझा पोरगा नाही," मी म्हटलं. तो म्हणाला, "मिस ओडेसा, हाच आहे." मी म्हटलं, "मी त्याला जन्म दिलाय, तू नुसते मोजे घातलेस."

मग मी तीच कॅसेट माझ्या जुन्या मशीनवर लावली. नेल व्यवस्थित बोलला. आखटरबर्गने मशीन उघडून पाहिलं आणि म्हणाला, "आतला पट्टा सैल पडलाय. हे वर्षानुवर्षं हळू फिरतंय." इथली पोरं गाणी मुद्दाम संथ करून विकायची, माझं मशीन ते फुकटात करत होतं म्हणे. नवा पट्टा टाकून देतो म्हणाला. म्हणजे बघ, आधी कॉम्प्युटर फितवला, आता मशीनही फितवायला निघाला. मी बिडाचा तवा उचलला. जुना पट्टा तसाच राहिला.

तुझी बहीण,
ओडेसा

ता. क. तो आता दर गुरुवारी येतो. कॉम्प्युटरात नेलचा आवाज जरा-जरा हळू करतो आणि "आता?" विचारतो. मी म्हणते, "अजून थोडा." चार गुरुवार झाले. माझ्या हातचा गम्बोचा रस्सा दोन ताटं खातो.

दुसरा ता. क. आवाज पहिल्याच गुरुवारी जुळला होता. पण तसं म्हटलं असतं तर तो कॉम्प्युटर मिटून निघून गेला असता. नेलचं प्रत्येक कडवं त्याला पाठ आहे, आणखी कुणाला आहे?

तिसरा ता. क. शाळेसाठी नेल दोन वर्षं तुझ्याकडे ब्युमाँटला होता, तुला त्याचा आवाज आठवत असेल. या गुरुवारी ये. माझ्या मशीनमधला आणि त्याच्या कॉम्प्युटरमधला तो पहिला, घाईचा, असे दोन्ही आवाज ऐक. माझ्या मशीनमधला खरा निघाला तर त्याच्या तोंडावर सांग. कॉम्प्युटरमधला खरा निघाला, तर गम्बो खा आणि गुपचूप घरी जा.