‘जिवंत’चा रकाना

३ मार्च
आजपासून स्कॅन केंद्रात नोंदणीचं काम. खिडकी मोठी, खुर्ची न करकरणारी. एकतीस वर्षं शाळेत शिकवल्यावर एवढं सुख पुरे. माणसं मात्र दिव्य. डॉक्टर शेंबडा. मशीनवाली मुलगी ‘जिवंत’मधला ‘जि’ दीर्घ काढते. दहा वेळा लिहून घेतला.

काम सोपं. रोग्याच्या अंगात निरोगी पेशी सोडतात, मग सुईने औषध देतात. त्या पेशी जिथे जिवंत, तिथेच ते पडद्यावर उजळतं. मेल्या असतील तर अंधार. मी रकाना भरायचा : पेशी जिवंत, होय किंवा नाही.

उद्या माझा धाकटा भाऊ. बाटलीपायी लिव्हर घालवलं, पेशी दिल्या मी. लागल्या नाहीत तर महिनाभर काढेल, फार तर.

४ मार्च
लिव्हरमध्ये तांदळाएवढे सात ठिपके. होय. धाकट्याने विचारलं, ताई, जगतो ना गं मी? म्हटलं, गधड्या, पेशी माझ्या आहेत, तुझ्यासारख्या लोळत पडणार नाहीत.

१८ मार्च
लिव्हर सगळं उजळलं. फुफ्फुसातही ठिपके. डॉक्टर म्हणे, उत्तम प्रतिसाद. फुफ्फुसात काय काम, विचारलं. त्याने संगणकाकडे पाहिलं. विद्वान.

धाकटा माझ्याकडेच राहतोय. पाचला उठतो, पांघरुणाची घडी घालतो, चारही कोपरे जुळवून. माझ्यासारखी. अखेर सुधारला.

२ एप्रिल
उजेड मानेपर्यंत. धाकट्याने आज मशीनवालीची वही तपासली, लाल पेनाने. अक्षर माझं.

डॉक्टरला म्हटलं, आणखी एक रकाना हवा — रोगी तोच आहे का. तो म्हणाला, मावशी, तसला रकाना नसतो. मावशी म्हणे.

९ एप्रिल
पडद्यावर डोकंही पांढरं. फक्त जिभेच्या मुळाशी काळा ठिपका, तांदळाएवढा.

जेवताना तो मला गधडे म्हणाला. माझ्याच सुरात. मग घसा खाकरला, आणि अगदी हळू, त्याच्या स्वतःच्या आवाजात — ताई, मी इथे आहे गं.

लगेच माझ्या आवाजात : पुटपुटू नकोस.

११ एप्रिल
पेशी मारायचं औषध द्या म्हटलं. डॉक्टर म्हणाला, देता येईल, पण मग भाऊही जाईल. ठरवा तुम्ही.

मला — ठरवता आलं नाही. मला.

१३ एप्रिल
ठिपका नाही. त्याच्या लहानपणीच्या नावाने हाक मारली — ओ आली नाही.

मशीनवाली ‘जिवंत’ बरोबर लिहिते आता. त्याने शिकवलं.

१४ एप्रिल
तो डॉक्टरला सांगून आला — पेशी दिल्यापासून ताईचं लिव्हर नीट नाही. आता पेशी तो देणार. मला. अर्जावर माझी सही आहे — मी केलेली नाही —

सुई तयार आहे. नोंद तो करणार. पेशी जिवंत, होय. आणि मी —