एप्रिलमधलं हिरवं गवत

अँडोनी,

आगीनंतर तू पाठवलेलं कार्ड आज पुन्हा वाचलं. 'निसर्गापुढे कुणाचं काय चालतं,' असं लिहायला तुझा हात धजावला कसा रे?

गेल्या एप्रिलात मी सरकारी कुरणांचे चराई-परवाने देणाऱ्या तुझ्या कचेरीत आले होते, बहीण म्हणून नाही, अर्जदार म्हणून. म्हटलं, "खालच्या कुरणात ते परकं गवत, चीटग्रास, माजलंय. हिरवं आहे तोवरच गाई त्याला तोंड लावतात. आत्ताच चरू दे, जूनमध्ये त्याचं नुसतं सरपण होईल."

तू चष्मा पुसत म्हणालास, "मायते, पंधरा मेच्या आधी गाई सोडता येत नाहीत. कागद वर पाठवतो."

कागद वरच राहिला. जुलैत वीज पडली, ते वाळलेलं गवत पेटलं आणि आपल्या आजोबांच्याही आधीची सेजची झुडपं दोन दिवसांत जळाली. त्यांच्या आडोशाला राहणारे रानकोंबडे यंदा माद्यांपुढे नाचायला आलेच नाहीत. ते मेलं परकं गवत मात्र सगळ्यांत आधी उगवलं!

हिवाळ्याआधी शेजारच्या डार्लीनने आणि मी वरच्या उतारावर सेजची रोपं लावली. तिने विचारलं, "जगतील का गं?" मी म्हटलं, "खालचं गवत पेटलं नाही तर."

यंदाही अर्ज केला. यंदाही तेच उत्तर आलं. म्हणून आज सकाळी मी स्वतःच फाटक उघडलं आणि साठ गाई खालच्या कुरणात सोडल्या.

हे पत्र टाकलं तर तू सख्ख्या बहिणीवर कारवाई करशील, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून टाकत नाही. पण तू स्वतः येऊन विचारलंस, तर खोटं बोलणार नाही.

तुझी नव्हे, या कुरणाची,
मायते