चोवीस हातोड्यांचा रिपोर्ट

३ मार्च, सोमवार
पशुखाद्याच्या गिरणीतून बाबांच्या भट्टीवर चोवीस हातोडे आले. दाणे कुटणारे, तळहाताएवढे, पोलादी. ते कडक करून, कडकपणाच्या रिपोर्टसकट द्यायचे. तीन आठवडे टिकले तर गिरणीचं वर्षभराचं काम आपल्याला, नाहीतर भट्टी बंद. हे बाबा आईला म्हणाले, मला नाही. मला म्हणाले, मेटलर्जी शिकलीस ना, या वेळी तू कर.
संकल्प: सगळं मोजून. अंदाजाने काही नाही.

४ मार्च, सकाळी
बाबा हातोडे लोखंडी पेटीत कोळशाच्या भुकटीत पुरतात, झाकण लावतात, मग भट्टीत. का, विचारलं. माझे वडील असंच करायचे, म्हणाले. हे काय उत्तर झालं? शिवाय पेटीतलं दिसत नाही, आणि न बघता मी रिपोर्टवर सही कशी करणार? पेटी रद्द. हातोडे जाळीवर, उघडे, ओळीत. छान दिसतात.

४ मार्च, दुपारी
आठशे पन्नास डिग्री, एक तास. मीटर आहे, तरी खात्रीसाठी दर पाच मिनिटांनी दार उघडून बघितलं. बाबा म्हणाले, मॅडम, भट्टी आहे ती, फ्रीज नाही. त्यांना काटेकोर कामाची सवय नाही. दार उघडलं की ताव उतरायचा, म्हणून दोन तास ठेवले. मग तेलात विझवले. ठिसूळ राहू नयेत म्हणून दोनशेवर पुन्हा शेकले.

६ मार्च
हातोड्यांबरोबर भाजलेला त्याच पोलादाचा तुकडा कॉलेजच्या लॅबमध्ये नेला. कडकपणा साठ हवा. आला अठ्ठेचाळीस. वरचा थर खराब असेल तर घासून मोजावं, असं पुस्तकात आहे. घासलं. बावन्न. मिलिमीटरभर आणखी घासलं. साठ! रिपोर्टमध्ये साठ लिहिलं. त्यात खोटं एक अक्षर नाही.
मग मायक्रोस्कोप. आत मार्टेन्साइटच्या, म्हणजे कडक झालेल्या पोलादाच्या सुया, बारीक, दाट, चित्रातल्यासारख्या. कडेला मात्र पांढरी पट्टी. लॅबमधल्या बाई म्हणाल्या, हवेने कार्बन जळालाय गं, वरचं पोलाद मऊ पडलंय. मी म्हटलं, लेन्स मळकी आहे. पूस की मग, म्हणाल्या. पुसली. पट्टी तिथेच. लेन्स फारच जुनी आहे.

७ मार्च
जेवण जात नाही. आई म्हणाली, फेऱ्या मारून फरशी झिजवशील. कोळसा हवेला अडवतो, कार्बन जळू देत नाही, हे आज वाचलं. हा धडा मी परीक्षेत ऑप्शनला टाकला होता. बाबांना सांगायला हवं. पण मायक्रोस्कोप म्हणजे काय, इथपासून सुरुवात करावी लागेल. आज त्यांची पाठ दुखतेय.
संकल्प: पुढच्या लॉटला पेटी. हे हातोडे दुपारी गेले.

१३ मार्च
गिरणीचे मॅनेजर आले. हातोडे टेबलावर ओतले. सहा दिवसांत कोपरे गोल. म्हणाले, काका, पोलाद परत दिलंत की साबण? वर्षाचं काम विसरा. आणि रिपोर्टात साठ कसं? चूक कोणाची, ते लेखी द्या.
मी सांगणारच होते. तेवढ्यात बाबा म्हणाले, भट्टीवर मी होतो, पोरीने फक्त मोजलं. मी मध्ये बोलले नाही. परक्या माणसासमोर बापाला खोटं पाडणं बरं दिसत नाही.

१४ मार्च
बाबांना लिहिता येत नाही. शाळेत गेलेली घरातली पहिली मीच, त्यामुळे पत्र मीच लिहिलं. ते सांगत गेले: ताव माझ्याकडून चुकला. वय झालं, नजर अधू झाली. मुलीचा दोष नाही, तिला या धंद्यात पुढे जायचंय. ‘वय झालं’पाशी माझा हात थांबला. लिही की, म्हणाले, शब्द अवघड आहे का?
खरं काय ते लिहायचं ठरवलं होतं. पण दुसऱ्याने सांगितलेल्या मजकुरात आपलं घुसवणं अप्रामाणिकपणाच झाला असता.
पत्र दोनदा तपासलं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. खाली बाबांनी अंगठा उठवला. नीट उमटला नव्हता, म्हणून पुन्हा घेतला.